डावा गाल

चाचांनी कोणत्याही मुलाचे वजन कधी किलोत सांगितले नाही. "तू अजून कोतवालच हायेस," असे ते म्हणत, किंवा फार खूश असले तर, "ऊठ, आजपासून तलाठी." किनवट तालुक्यात, इस्लापूरच्या अलीकडे, रेल्वेमार्गाला लागून आमची निवासी शाळा होती आणि तिच्या वसतिगृहाचे चाचा अधीक्षक होते. धान्याच्या आडतीतला एक जुना लोखंडी तराजू त्यांनी व्हरांड्याच्या सागवानी तुळईला टांगला होता. एका बाजूला मूल बसण्यापुरता पाट, दुसऱ्या बाजूला दगड. हे दगड त्यांनी सहस्रकुंड धबधब्याच्या खालच्या पात्रातून स्वतः वेचून आणले होते आणि प्रत्येकाला महसूल खात्यातला एकेक हुद्दा दिला होता. सर्वांत लहान कोतवाल, त्याहून जड तलाठी, मग मंडळ अधिकारी, मग तहसीलदार. कलेक्टर नावाचा एक प्रचंड धोंडा भिंतीला टेकून नुसताच उभा असे. तो हलवायला दोन माणसे लागत, आणि त्या वजनाचे मूल आमच्या शाळेत कधी निपजले नाही.

"चाचा, त्यो कलेक्टर कवा चढवणार?" एखादा विचारी.

"आधी तलाठी तर हो. लगेच आयएएस कायकू पाहिजे तुला?"

वजने सोमवारी सकाळी, न्याहारीच्या आधी होत. चोरून काही खाऊन आलेल्याला ते पाटावर बसू देत नसत. "पोटातलं अजून तुझं न्हाई. ते भाकरीचंच हाय. पचलं की तुझं," असे त्यांचे शास्त्र होते. पुढे मी वजन घेण्याच्या प्रमाणित पद्धती शिकले. उपाशीपोटी, ठरावीक वेळी, हलक्या कपड्यांत. चाचांच्या पद्धतीत मला दगडांखेरीज काहीच दोष काढता आला नाही.

एखाद्याचे पारडे मागच्या सोमवारपेक्षा वर गेले, म्हणजे मूल हलके झाले, तर ते मुलाला कधी बोलत नसत. ते थेट स्वयंपाकघराकडे तोंड करीत.

"मावशी, हा मंडळ अधिकारी परत तलाठी झाला. डाळीत पाणी कोण घालून राहिलंय?"

"तुम्हीच बसा की चुलीपाशी," आतून मावशींचा आवाज येई. "दाढी जळंल तवा कळंल."

मग त्या मुलाच्या ताटात आठवडाभर तेलाची धार आणि शेंगदाण्याची चटणी जास्त पडे. मी शाळेत आले तेव्हा कोतवालाने मला अलगद हवेत उचलले होते. सुटले तेव्हा मी तहसीलदाराच्या बरोबरीची होते आणि चाचांनी व्हरांड्यात सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. शरीराच्या वजनाचा असा जाहीर सन्मान त्यानंतर माझ्या वाट्याला आलेला नाही.

चाचा मूळचे लातूरचे. गोलाईच्या बाजारपेठेमागे त्यांच्या घराण्याची गुळाची आडत होती. भाऊ, पुतणे सगळे त्याच धंद्यात; एकटे चाचा गादी सोडून जंगलातल्या मुलांकडे आले. कारण विचारले तर म्हणत, "ढेप बोलत न्हाई. पोरगं बोलतंय." पण गुळाची पारख त्यांच्या अंगठ्यात शिल्लक होती. ढेपेत अंगठा रुतवून, तो नाकाशी नेऊन ते गुऱ्हाळाचा मुलूख सांगत, आणि त्यात साखर मिसळलेली असेल तर त्यांच्या चेहऱ्यावर कुणीतरी घरच्या माणसाची निंदा केल्यासारखा भाव येई. भाऊ दर हंगामात लातूरहून ढेपा पाठवत. त्या चाचांच्या खोलीत, पांढऱ्या कापडाखाली, अगदी मानाने ठेवलेल्या असत.

बाहेरच्या खाऊशी मात्र त्यांचे वैर होते. एकदा एका मुलाचे वडील, शिरूर अनंतपाळकडे टेम्पो चालवणारे, झगमगीत पाकिटांची माळच गळ्यात घालून आले. नारंगी रंगाचे, तिखट-गोड, कुरकुरीत काहीतरी. चाचांनी त्यांना व्हरांड्यात खुर्ची दिली, पाणी दिले आणि एक पाकीट फोडून हातात ठेवले.

"आधी तुम्ही खावा."

"पोरासाठी आणलंय चाचा."

"हौ. म्हणूनच. बापानं चाखून बघावं."

त्या गृहस्थांनी हसत हसत सुरुवात केली. चाचा समोर मांडी घालून बसून राहिले. पाकीट संपले तेव्हा चाचांनी दुसरे फोडले. दुसरे संपता संपता त्या गृहस्थांची बोटे, ओठ, सदऱ्याची बाही, सगळे नारंगी झाले होते.

"पाणी द्या की आता."

"आता कशी तहान लागली? पोराला बी लागती. आन दात बघा आरशात. ह्यात केमिकल हाय, रंग हाय, साखर हाय. माझ्या पोरांचे दात सडवायला आणलं हे?"

उरलेली माळ कोंबड्यांपुढे गेली. मावशींचे म्हणणे असे की, त्यानंतर कोंबड्यांनी दोन दिवस धड अंडे दिले नाही. ही गोष्ट आम्ही इतक्या वेळा एकमेकांना सांगितली की ती शाळेच्या प्रार्थनेसारखी पाठ झाली. दात सडतात ते पाकिटांनी, हे आम्हांला विज्ञानाच्या पुस्तकाच्या आधी चाचांनी शिकवले.

खुद्द त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता. चाळिशीतच सगळे गेले होते. बोलणे गंभीर वळणावर आले की ते कवळी काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत आणि गाल आत गेलेल्या चेहऱ्यानेच पुढे बोलत. "आमच्या खानदानात दात टिकत न्हाईत," ते सांगत. "अब्बांचे टिकले न्हाईत, भावांचे न्हाईत. अल्लाची मर्जी. जुबान टिकली, लई झालं." शाळा तपासायला आलेल्या एका साहेबांपुढे त्यांनी धान्याच्या निकृष्ट प्रतीबद्दल बोलताना अशी कवळी काढली होती. साहेबांनी पुढचा सगळा वेळ खिडकीबाहेर पाहत ऐकून घेतले आणि पुढच्या महिन्यात धान्य चांगले आले.

जूनमध्ये नवी मुले येत. सहा-सात वर्षांची, पाड्या-तांड्यांवरची. आईवडील त्यांना सोडून कामाच्या गावी निघून जात. दिवसा त्यांचे बरे चाले. दिवेलागण झाली की एकाचा ओठ थरथरू लागे, आणि ते पाहून दुसऱ्याचा. त्या घटकेला चाचा अनवाणी पायांनी झोपण्याच्या खोलीत येत. हातात ॲल्युमिनियमचा डबा असे. प्रत्येकाच्या तोंडात ते गुळाचा एक खडा ठेवत. स्वतःच्या बोटांनी, हळूच, गालाच्या आत.

"उजवा गाल जेवणाचा, डावा गाल गुळाचा. चावायचा न्हाई. आपोआप विरघळू द्यायचा."

"आन विरघळला की?"

"तवर तुला झोप लागलेली असती."

"मग चूळ?"

"चूळ न्हाई भरायची बेटा. गोडी जाती. मग सपनं कडू पडतात."

नव्यांना मिळते म्हणून जुनी मुले मागत. ज्यांची वजने उतरली त्यांना दुप्पट मिळे. शेवटी सगळ्यांनाच, रोज, हा शिरस्ता झाला. दुसऱ्या वसतिगृहांतले अधीक्षक आमच्याकडे येऊन चकित होत. त्यांच्याकडे जूनभर रडारड, पळून जाणे, तापाने फणफणणे. आमच्याकडे दिवेलागणीनंतर पंख्याचा आवाज. मीही त्या ओळीत डावा गाल फुगवून झोपले आहे. आईचा विचार मनात येई तोवर जिभेवरून गोडसर, किंचित खारट असा ओघळ घशाकडे जाई आणि विचार तिथेच राही. चाचांइतके प्रेम त्या वयात माझ्यावर दुसऱ्या कुणी केल्याचे आठवत नाही.

पुढे मी दंतवैद्यक शिकले. पहिल्या वर्षी आम्ही विद्यार्थी एकमेकांचे दात तपासत असू. माझ्या तोंडात पाहून प्राध्यापिकांनी विचारले होते, "उजवी बाजू इतकी चांगली, मग डावीकडे काय केलंस?" गरिबी, अपुरे कॅल्शियम, पाण्याचा दर्जा अशी उत्तरे मी दिली. ती फक्त एकाच बाजूला लागू पडत नाहीत, हे मला किंवा त्यांना सुचले नाही. काळाच्या ओघात डावीकडची एक दाढ गेली आणि दोन दाढांवर टोप्या बसल्या.

सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी मी विषय निवडला तो शाळकरी मुलांचे वजन, आहार आणि दातांची कीड यांच्या परस्परसंबंधाचा. मला त्यात लवकर नाव करायचे होते, हे लपवण्यासारखे नाही. लातूर शहरातल्या शाळांपासून सुरुवात केली. तिथली मुले अंगाने भरलेली, शिकवणीच्या वाटेवर पाकिटे फोडणारी. कीड होती, पण ती दोन्ही बाजूंना सारखी वाटलेली. नांदेडमध्येही तेच. मग किनवट तालुका आला आणि नमुन्यात माझी शाळा बसत होती.

चाचा म्हातारे झाले होते, तराजू तोच होता. मी जीपमधून उतरले तशी त्यांनी मला पाटावर बसवले. मी तहसीलदाराला किंचित वर उचलले.

"शहरात जाऊन कमावलं काय? थोडंच," ते मावशींना म्हणाले. "आमचीच भाकरी दिसती अजून."

माझ्याबरोबर नोंदी करणारा एक सहकारी होता. मी मुलाच्या तोंडात पाहून सांगायचे, त्याने तक्त्यावर खूण करायची. दुपारपर्यंत तक्ते पाहताना मला एक विचित्र गोष्ट दिसली. कीड होती, फार होती, आणि जवळजवळ सगळी डावीकडे होती. उजवीकडच्या दाढा शुभ्र, डावीकडच्या दाढांची नुसती टरफले. असे कोणत्याही आजारात होत नाही. मुलाच्या समोर बसून तपासताना त्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते आणि नवशिके लोक बाजू उलटी लिहितात, हे मला ठाऊक होते. पण उलटी लिहिली तरी कीड एकाच बाजूला का, याचे उत्तर त्यात नव्हते. तरीही मी सहकाऱ्याला फैलावर घेतले.

"मॅडम, मी बरोबरच लिहून राहिलो," तो शांतपणे म्हणाला. "तुम्हीच बघा की परत."

मी परत पाहिले. तो बरोबर लिहीत होता. मग आहाराच्या मुलाखती तपासल्या. काल सकाळपासून आजपर्यंत तोंडात काय काय घातले, असा प्रश्न होता. भाकरी, वरण, भात, उसळ, शेंगदाणे, क्वचित केळे. गोड असे काहीच नाही. मुले खोटे बोलत नव्हती. त्या क्षणी मलाही कुणी विचारले असते, तर माझ्या लहानपणच्या आहारात मी तेच सांगितले असते.

एक मुलगी तपासणीला आली नव्हती. पायल नावाची, नऊ वर्षांची. ताप आहे म्हणून आत निजवली आहे, असे मावशींनी सांगितले. मी आत गेले. डाव्या जबड्याखाली लिंबाएवढी सूज होती, कातडी ताणून चकाकत होती. तिला तोंड पुरते उघडता येत नव्हते. मी आरसा आत सरकवला आणि दिवा धरला. खालच्या दोन दाढा हिरडीपर्यंत खलास झालेल्या, कडेने पू येत होता, जिभेखालचा भाग वर उचलला जाऊ लागला होता. आणि त्या किडलेल्या दाढांना अगदी चिकटून, अर्धवट विरघळलेला, तपकिरी, चकचकीत असा गुळाचा खडा बसलेला होता.

तो मी बोटाने काढला. बोटावरचा तो वास ओळखायला मला शास्त्राची गरज पडली नाही. इतक्या वर्षांत ज्याला मी कधी अन्न म्हणून मोजले नव्हते, ते माझ्या बोटावर होते. माझी जीभ आपोआप माझ्या डाव्या गालाकडे गेली, जिथे दाढ नव्हती.

चाचा दारात उभे होते.

"दुखतंय म्हणून रडत होती," ते म्हणाले. "दिला. गप झाली बघ."

"दिवसासुद्धा देता?"

"तिचं वजन उतरलंय पोरी. तलाठ्यावरून घसरली. भाकरी चावत न्हाई. तिला जास्तीच देतो. सकाळी बी, दुपारी बी."

सगळी साखळी माझ्यासमोर उभी राहिली. दाढ किडली म्हणून मूल चावत नाही, चावत नाही म्हणून वजन उतरते, वजन उतरले म्हणून गूळ दुप्पट मिळतो. आणि हे सगळे रात्री, जेव्हा तोंडातली लाळ आटते आणि दात धुऊन काढणारे काहीच उरत नाही. मुलांची वजने वाढत ती मावशींच्या भाकरीने आणि शेंगदाण्यांनी. श्रेय गुळाला जाई.

"चाचा, त्या गुळानेच तिच्या दाढा गेल्यात."

ते हसले. "गुळानं? पोरी, गूळ औषध हाय. साखरेनं जातात दात, पाकिटांनी जातात. गुळात लोह हाय. तुमच्याच पुस्तकात लिवलंय."

"तोंडातल्या जंतूंना साखरेतला आणि गुळातला फरक कळत नाही."

"जंतूला कळत नसंल. पोराला कळतंय."

वाद घालायला वेळ नव्हता. सूज जिभेखाली पसरली तर श्वास कोंडू शकतो. पायलला आजच्या आज नांदेडला नेणे भाग होते, आणि तिचे आईवडील दूर असल्याने चाचांचा होकार हवा होता. तो त्यांनी "एका दातासाठी नांदेड?" या एका वाक्यात फेटाळला. तेव्हा मी त्यांच्यासमोर व्हरांड्याच्या पायरीवर बसले, विजेरी त्यांच्या हातात दिली आणि बोटाने माझा डावा गाल बाहेर ओढला.

"आत बघा, चाचा."

त्यांनी पाहिले. बराच वेळ पाहिले.

"हे धातूचं काय हाय?"

"टोपी. खालची दाढ मेलेली आहे. तिच्या बाजूची तर नाहीच. आता उजवीकडे बघा."

उजवीकडे त्यांनी पाहिले, मग पुन्हा डावीकडे.

"हे कवा झालं?"

"इथेच. कोतवाल होते तेव्हापासून तहसीलदार होईपर्यंत."

विजेरी हातात तशीच पेटती ठेवून त्यांनी अंगणातल्या मुलांना हाक मारली. मुले आपल्या सवयीने ओळीत उभी राहिली. "आ कर." चाचा वाकले. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. दुसरा. "आ कर." मावशी पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"तोंडं काय बघताय चाचा? भाकरी गार होऊन राहिली. आन मी अजून काय वाढलं बी न्हाई."

चाचा पुढच्या मुलापाशी गेले, मग त्याच्या पुढच्या. विजेरीचा प्रकाश मुलांच्या चेहऱ्यांवर हलू लागला. ओळीच्या अर्ध्यातच ते थांबले. कवळी काढली, पण पुसली नाही. नुसती मुठीत धरली.

"आमच्या खानदानात कुणाचेच दात न्हाईत," ते हळूहळू म्हणाले. "अब्बांचे न्हाईत. भावांचे न्हाईत. आडतीवर बसणाऱ्या कुणाचेच न्हाईत." मग, "मोठ्या भाभीचे हायेत. सगळे हायेत. तिला गूळ आवडत न्हाई."

मी वर्षभर संख्याशास्त्र शिकले होते. इतकी स्वच्छ तुलना मला कुणी करून दाखवली नव्हती.

"अम्मा गेली तवा मी सहा वर्षांचा होतो," ते म्हणाले. "अब्बांनी ढेपेचा तुकडा मोडला, माझ्या तोंडात ठेवला. मी रडलो न्हाई. मला वाटलं, ही लई मोठी चीज हाय."

पायलला त्यांनी स्वतः उचलून जीपमध्ये ठेवले. पुढे बसायला सांगितले तर ऐकले नाही. मागे, तिचे डोके मांडीवर घेऊन बसले. खड्ड्यात जीप आदळली की ती कळवळे. एकदा तिने डोळे मिटलेलेच ठेवून आपला तळहात चाचांपुढे पसरला. तो कशासाठी हे आम्हा दोघांनाही समजले. चाचांनी स्वतःच्या खिशाकडे पाहिले, आणि मग तिची मूठ मिटून आपल्या हातात घेतली. ती रडू लागली. नांदेड येईपर्यंत रडत होती आणि चाचा प्रत्येक हुंदक्याला मार बसल्यासारखे खांदे आखडत होते.

शल्यचिकित्सकांनी त्याच दिवशी पू काढला, दोन्ही दाढा काढल्या. उद्यावर ढकलले असते तर श्वासनलिकेत नळी घालावी लागली असती, किंवा तेही करायला उशीर झाला असता, असे ते म्हणाले. चाचांनी ते ऐकले आणि रुग्णालयाच्या व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पायल बरी झाली. ती पहिल्यांदा भात मागू लागली, तेव्हा चाचांनी मला मिठी मारावी तसे दोन्ही हात पुढे केले आणि मध्येच मागे घेतले.

काही दिवसांनी तिला परत घेऊन आम्ही शाळेत आलो. ढेपा मावशींच्या स्वयंपाकघरात गेल्या होत्या. जेवणात वापरायच्या, जेवणानंतर चूळ भरायची. मी ब्रश आणि पेस्ट नेली होती. दिवेलागणीला चाचांनी मुलांना नळावर रांगेत उभे केले, विजेरी घेऊन प्रत्येकाचे घासणे पाहिले, दोघांना परत पाठवले. मग मुले आत गेली, अंथरुणांवर बसली आणि दाराकडे पाहत राहिली.

"चाचा, डबा?"

"डबा न्हाई आता."

"उद्या?"

"उद्या बी न्हाई."

चाचा बाहेर येऊन पायरीवर बसले. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले होते. "हातांना सवय हाय," ते म्हणाले.

पहिल्यांदा एका नव्या मुलाचा आवाज आला. बारीक, ओढलेला. मग दुसऱ्याचा. मग जुन्या मुलांपैकी कुणाचा तरी. आणि थोड्याच वेळात आतून असा आवाज येऊ लागला, की मावशी चूल सोडून बाहेर आल्या आणि तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. या इमारतीत मी दहा वर्षे राहिले होते. हा आवाज मी इथे कधीही ऐकलेला नव्हता. तो इतकी वर्षे इथेच होता, एकेका गालात भरून ठेवलेला, हे मला तेव्हा कळले.

"मला सांग डाक्टरीण," चाचा म्हणाले, "पोरगं रडलं की त्याच्या तोंडात काय द्यायचं?"

"भाजके चणे देता येतील, शेंगदाणे, किंवा..."

"ते भुकेला झालं. ह्यांची पोटं भरलेली हायेत."

चाचा उठले, रिकाम्या हातांनी आत गेले आणि त्या पहिल्या मुलाच्या अंथरुणाशेजारी जमिनीवर बसले. मी त्यांच्या मागोमाग जाऊन बसले. ते मुलाला गप म्हणाले नाहीत. मुलाने त्यांच्याकडे पाहिले, आणि कुणी थांबवत नाही असे लक्षात आल्यावर मूल अधिकच मोठ्याने रडू लागले.

"तुझी आई तुला सोडून गेली," चाचांनी मला विचारले, "तवा तू किती रडली असतीस?"

मी आठवून पाहिले. फाटकाशी वळलेली आईची पाठ आठवली. तिच्या लुगड्याचा रंग आठवला. त्यानंतर थेट डाव्या गालातली चव. मध्ये काहीच नव्हते.

"माहीत नाही, चाचा."

त्यांनी मान हलवली. आम्ही दोघे तिथे बसून ते मूल कसे रडते ते ऐकत राहिलो.